पुलाचा विषय तळाशी

बाईंना रागावता येतं हेच कोणाला माहीत नव्हतं. मंत्रिमंडळ सचिवाच्या खुर्चीपर्यंत पोचायला त्यांचा उभा जन्म गेला होता, आणि तिथवर पोचणाऱ्या माणसाचा राग वाटेतच काढून घेतात. पहिल्याच नेमणुकीत वरिष्ठांनी बजावलं होतं, "कान उघडे ठेव, तोंड घरी ठेवून ये." बाईंनी ते इतकं मनावर घेतलं की तोंड घरीही उघडेना. मुलगी म्हणायची, "आईला काही विचारू नका, ती लेखी कळवेल."

सरकारं आली नि गेली. काल शिव्या देणारे आज मालक झाले, बाई मात्र टेबलाच्या त्याच कोपऱ्यात. बैठकीचं इतिवृत्त त्या लिहायच्या, विषयांचा क्रमही त्याच लावायच्या, आणि खरी मेख त्या क्रमातच असते. वरच्या विषयांवर चर्चा होते. तळाच्या विषयांपर्यंत मंत्र्यांना भूक लागलेली असते.

जुन्या पुलाच्या दुरुस्तीचा विषय बाई दर वेळी पहिला लावत. खांब आतून पोखरलेत, असं तिथला तरुण इंजिनिअर परोपरीनं कळवत होता. सरकारचे प्रमुख, म्हणजे साहेब, दर वेळी तो विषय उचलून तळाशी टाकत. आणि वर काय घेत? तर नव्या विश्रामगृहाचं उद्घाटन! "पूल काय पळून जातोय?" ते म्हणत, आणि सगळे खो खो हसत. बाई नुसत्या लिहीत.

पूल पडला. माणसांनी भरलेली बस नदीत गेली.

पुढच्या बैठकीत मात्र पूल अगदी पहिला! ठराव तयारच होता: इंजिनिअरनं हलगर्जी केली, त्याला बडतर्फ करून अटक करावी. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही चहा थंड व्हायच्या आत. सकाळी नवरा बाईंना म्हणाला होता, "निवृत्ती तोंडावर आलीये. आता काही बोलून बसू नकोस, पेन्शनवर गदा येईल."

"कोणाची हरकत?" साहेबांनी विचारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"माझी आहे," बाई म्हणाल्या. पुढचं त्या इतक्या मोठ्यानं बोलल्या की दारावरचा शिपाई आत डोकावला. "लाज कशी वाटत नाही? तो पोरगा घसा कोरडा करून सांगत होता आणि तुम्ही दात काढत होता! आणि मी गप्प बसले. पूल त्यानं नाही पाडला, आपण पाडला, इथं बसून!"

साहेब पाणी प्यायले. मग नोकराला सांगावं तसे म्हणाले, "बाई, हे इतिवृत्तात येता कामा नये."

बाईंनी मान वर केली नाही. त्या लिहीत होत्या.

"आलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही आत्ता जे बोललात, तेही घेतलंय."