चोवीसपट

परवा गराज आवरताना एका खोक्यातून बंदुकीच्या तेलाचा वास आला आणि मला दोन हजार चारच्या हिवाळ्यातली, शुगर लँड गावात राहणाऱ्या काकांबरोबरची हरणाची शिकार आठवली. रायफलवर लावायचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, निवडताना काका दुकानातच म्हणाले होते, "इथल्या झाडीत चारपट पुरते रे." पण आम्ही सॉफ्टवेअरवाले! तीन आठवडे एक्सेलमध्ये तुलना करून मी चोवीसपट मोठं दाखवणारा घेतला आणि त्याची कडी पूर्ण चोवीसवर फिरवूनच ठेवली. पहाटेपासून आम्ही एका रँचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणावर, पत्र्याच्या खोपटात दमट गारठ्यात दबा धरून बसलो होतो. उजाडल्यावर झुडपांतून हरीण बाहेर आलं. मी डोळा लावला, तर स्कोपभर नुसती तपकिरी लव, तीही माझ्या श्वासाबरोबर हलणारी. कसाबसा खांदा सापडला आणि बोट चापावर गेलं. "थांब!" काकांचा पंजा माझ्या मनगटावर बसला. "डोळा काढ. मागे बघ." मी मान वर केली. हरणाच्या बरोब्बर मागे, कुंपणापाशी, रँचचा म्हातारा मालक तार बांधायला वाकला होता. हरीण पळालं. काकांनी रायफल माझ्या हातातून घेतली आणि गोळी काढली. तेवढ्यात म्हातारा सरळ झाला, आम्हाला पाहून हसला आणि त्यानं हात हलवला. मीही हलवला. नंतर दोन वर्षं तो दर नाताळला आम्हाला कार्ड पाठवायचा. परवा त्या खोक्यात स्कोपच्या खाली ती दोन्ही कार्डं निघाली. त्याला मी कधीच काही सांगितलं नाही.