वेळेचा कोरा रकाना

“मॅडम, कागदावर सही मागतायत. करू का?”

फोनवर सुजाता होती. बुधवार, सकाळचे साडेनऊ. तिचा नवरा मिलिंद लिफ्ट मेकॅनिक. गोरेगावच्या एका टॉवरमध्ये चोरी झाली आणि सोमवारी दुपारी पोलिसांनी त्याला तिथूनच उचललं. आज सोडतील, उद्या सोडतील म्हणत ही बिचारी दोन दिवस पोलीस ठाण्याबाहेर बसली. मी लीगल एडची वकील, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या केसेस चालवते. त्या सकाळी माझी दुसरी मॅटर पुकारायला आली होती. मी घाईत म्हटलं, “कर सही. वाद घालू नकोस, मी येतेच.”

शहाणीच मी!

तो होता अटकेचा पंचनामा. अटक झाली की चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, हे राज्यघटनेत पहिल्यापासून आहे. पण चोवीस तास मोजायचे कधीपासून? ‘चौकशीला बोलावलंय’ म्हणून पोलीस माणूस दोन-दोन दिवस बसवून ठेवायचे. लॉकअपमध्ये माणसं मेली, घरचे कोर्टात झगडले, तेव्हा कुठे ठरलं की अटकेची वेळ लिहायची आणि साक्षीदाराची, शक्यतो घरच्यांची, सही घ्यायची. पुढे अटकेची कारणंही लेखी द्यावी लागली. त्या कागदाची एकेक ओळ कुणाच्या तरी जिवावर मिळालेली आहे.

सुजातानं सही केली तेव्हा वेळेचा रकाना कोरा होता. तो नंतर भरला: बुधवार, सकाळी दहा.

दुपारी रिमांड, म्हणजे पोलीस कोठडी मागायची सुनावणी. मी घसा फोडून सांगितलं, माणूस सोमवारपासून आत आहे. मॅजिस्ट्रेटनी पंचनामा पुढे धरला.

“ही सही कोणाची?”

“बायकोची, सर.”

“मग?”

मॅजिस्ट्रेट मिलिंदकडे वळले. विचारलं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार? त्यानं शेजारच्या हवालदाराकडे पाहिलं आणि नाही म्हणाला. चार दिवसांची कोठडी मिळाली.

तिसऱ्या दिवशी खरा चोर सापडला. मिलिंद सुटला, पण डाव्या कानानं ऐकू येईना. लिफ्टमधला बिघाड तो आवाजावरून ओळखायचा. कंपनीनं परत घेतलं नाही.

आम्ही मारहाणीची तक्रार केली. अटकेनंतरच्या तपासणीत डॉक्टरांनीच लिहिलं होतं, कानाची इजा दोन दिवसांपूर्वीची. पोलिसांचं उत्तर आलं, तेव्हा तो आमच्याकडे नव्हताच, अटक बुधवारी दहाची, पंचनाम्यावर बायकोची सही आहे. तक्रार तिथेच संपली. माझा नुसता संताप झाला, निम्मा स्वतःवर.

सुजाताला म्हटलं, चूक माझी. ती म्हणाली, “तुम्ही सांगितलंत म्हणून केली ना, मॅडम.”

आता असा फोन आला की मी कोर्टात असले तरी बाहेर येऊन सांगते, सहीशेजारी स्वतःच्या हातानं वेळ लिही, आणि माणूस कधी उचलला तेही. एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं. मला ते सुचायला मिलिंदचा कान जावा लागला.