ओढ्यापलीकडचे पाच फोन

"साहेब, तुमची गेटं बंद करा. आत्ताच्या आत्ता," फौजदार म्हणाले आणि त्यांनी घाटाच्या खालच्या पायरीकडं बोट केलं. तिथं एक गुलाबी चप्पल पडली होती. माझ्या तळहातावर मावेल एवढी.

चप्पल श्रावणीची होती. वय चार वर्षं. दुपारी आजीजवळ झोपली होती. आजीचा डोळा लागला आणि जाग आली तेव्हा शेजारची गोधडी रिकामी. वडील पुण्याला कंपनीत, आई बँकेच्या केवायसीसाठी पाथरीला गेलेली. आजीनं आधी घर धुंडाळलं, मग गल्ली. मग कुणाला तरी घाटावर चप्पल दिसली आणि सगळं गाव गंगेवर आलं. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात.

मी पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होतो. गावाच्या वर दीड किलोमीटरवर आमचा बंधारा. त्याला मोटरनं वरखाली होणारी लोखंडी दारं, म्हणजे गेटं. गेट उचललं की पाणी खाली गावाकडं जातं. टाकलं की मागं अडतं. एवढं समजलं की माझी अर्धी नोकरी समजली. उरलेली अर्धी पत्रव्यवहार.

ऑक्टोबरचे दिवस होते. दोन गेटं हातभर उचललेली. घाटापाशी डोहात छातीइतकं पाणी आणि त्याला चांगली ओढ. भोई जाळी घेऊन तयार होते, पण आत पाऊल टिकत नव्हतं. फौजदारांचं म्हणणं बरोबर होतं. पाणी उतरलं तरच शोधता येणार होतं.

मी बंधाऱ्यावर खय्यूमभाईंना फोन लावला. खय्यूमभाई गेट ऑपरेटर. माझ्याआधी सहा अभियंते त्यांनी पाहिलेले.

"दोन्ही गेटं पूर्ण खाली टाका."

"पूर्ण? साहेब, वरच्या बाजूला पाणी चढंल."

"चढू द्या. वर कोण आहे?"

हे वाक्य माझं. तेव्हा मला ते फार कर्तबगार वाटलं. वर आणखी एक जोडलं, "आणि मी सांगितल्याशिवाय उचलायची नाहीत. कुणीही सांगितलं तरी."

"जी," खय्यूमभाई म्हणाले.

अर्ध्या तासात डोह मांडीवर आला. लोक माझ्याकडं आदरानं बघायला लागले. सरपंच म्हणाले, "साहेब, तुमच्यामुळं झालं." मी हात मागं बांधून उभा राहिलो. खरं सांगायचं तर नोकरीत असा भाव मला क्वचितच मिळाला होता. आमचं खातं लोकांना आठवतं ते पाणी आलं नाही तर, नाहीतर जास्त आलं तर. साठेक माणसं हाताला हात धरून रांगेनं पाण्यात उतरली आणि पायानं तळ चाचपत पुढं सरकू लागली. पायाला काही लागू नये, अशीच प्रत्येकाची इच्छा दिसत होती.

तेवढ्यात जीपनं श्रावणीची आई आली. तिला वाटेतच कळलं होतं. ती ओरडली नाही. पायरीवर बसली, चप्पल उचलून मांडीवर ठेवली आणि पाण्याकडं बघत राहिली. माझा रुबाब तिथं जरा उतरला.

आणि माझा फोन वाजला.

स्क्रीनवर नाव होतं, 'ओढा तक्रार'. ही प्रयागबाई. कापूस वेचणाऱ्या बायकांच्या टोळीची म्होरकी. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला एक ओढा नदीला मिळतो आणि तो ओलांडूनच गावातल्या बायका पलीकडच्या शेतात जातात. आम्ही गेटं टाकली की नदीचं पाणी उलटं ओढ्यात शिरतं. याला बॅकवॉटर म्हणतात. बायकांची पायवाट त्याखाली जाते. दर वर्षी वेचणी सुरू झाली की प्रयागबाई मला फोन करायची आणि दर वर्षी मी तिला लेखी कळवायचो की सदर बाब तपासण्यात येत आहे. तिला वाचता येत नव्हतं. ते एका अर्थी बरंच होतं.

मी फोन कापला. पुन्हा वाजला. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा फौजदार वळून बघायला लागले, म्हणून उचलला.

"साहेब, किती फोन करावं मान्सानं! आवं, वढ्याला पाणी लय चढायलंय—"

"बाई, इथं गावात काय चाललंय, कल्पना आहे का? मी कामात आहे."

"आमी बी कामातच हाव. सात बाया हाव, संगं एक लेकरू हाय. आमी घरी यावं कसं?"

"रोज येता तशा या! कमरेइतकं असेल."

आणि फोन ठेवला. लेकरू या शब्दानं मला काहीही झालं नाही. वेचणीला जाताना बायका तान्ही पोरं घेऊन जातातच. झाडाला झोळी बांधतात. त्यात काय नवीन? चौथा फोन आला, तो वाजू दिला. पाचवा आला तेव्हा मी फोन सायलेंटवर टाकून खिशात ठेवला.

ऊन कलायला लागलं होतं. भोयांमधले म्हातारबा पाण्याबाहेर आले, धोतर पिळलं आणि म्हणाले, "इथं न्हाई, साहेब. डोह आमी समदा चाळला. आता खाली जावं लागंल, पुलापस्तोर." पुलापर्यंत म्हणजे काय, ते सगळ्यांना समजलं. आजीनं तोंडात पदर कोंबला.

तेव्हा श्रावणीची आई पहिल्यांदा बोलली. कुणाला उद्देशून असं नाही.

"ती पाण्याला भेते. न्हाऊ घालताना बी घर डोक्यावर घेती. ती कशी येईल इथं?"

"मग चप्पल?" फौजदारांनी विचारलं.

आजी पदराआडून म्हणाली, "सकाळी धुणं घेऊन आले व्हते मी. ती संगं व्हती. जाताना कडेवर नेलं तिला... तवाच ऱ्हायली काय की."

फौजदारांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मी आईजवळ बसलो. "एरवी ती कुणाच्या मागं जाते?"

"माझ्या. रोज सकाळी रडती, मला बी ने म्हणती वेचायला."

"वेचायला कुठं जाता?"

"वढ्यापल्याड. प्रयागकाकूच्या टोळीत."

सात बाया हाव, संगं एक लेकरू हाय.

मी फोन काढला. 'ओढा तक्रार' लावला. प्रयागबाईचा फोन बंद. पुन्हा लावला. बंद. आणि मी तिला काय सांगितलं होतं? रोज येता तशा या.

फौजदारांना एवढंच म्हणालो, "पोरगी ओढ्यावर आहे. आणि मी तिला पाण्यात उतरायला सांगितलंय." त्यांनी अर्थ विचारला नाही. मोटारसायकल काढली. मी मागं बसायच्या आत श्रावणीची आई मधे बसली. ट्रिपल सीट, हेल्मेट नाही, चालवणारे स्वतः फौजदार.

धक्के खात मी खय्यूमभाईंना फोन लावला. "गेटं उचला! दोन्ही! लगेच!"

"न्हाई उचलणार," खय्यूमभाई म्हणाले.

"मी सांगतोय!"

"साहेब, खाली डोहात साठ माणूस उभं हाय. तुमीच उतरवलंय. आत्ता पाणी सोडलं तर एकाच्या जागी किती जातील, हिशोब करा. आधी माणसं भाईर काढा, मग भोंगा वाजवतो, मग उचलतो."

एकाच दुपारी दुसरी चूक माझ्या हातून होणार होती, ती या माणसानं होऊ दिली नाही. मी सरपंचांना फोन करून माणसं वर घ्यायला सांगितलं. तोवर ओढा आला.

एरवी घोट्याइतकं पाणी असणारा तो ओढा चांगला शेतभर पसरला होता. पलीकडच्या काठावर कापसाची गाठोडी रांगेनं ठेवलेली. आणि मधे, पाण्यात, सात बायका. पदराला पदर बांधून एकीमागं एक. सगळ्यांत पुढं प्रयागबाई. ती मुळात बुटकी. पाणी तिच्या छातीच्या वर आलेलं. तिच्या मानेवर श्रावणी बसली होती, दोन्ही मुठींत तिचे केस धरून, डोळे गच्च मिटून. किंचाळत होती.

मी साहेबी आवाजात ओरडलो, "मागं फिरा! मागं!"

"मागं बी तेवढंच हाय, साहेब!" प्रयागबाई तिथून म्हणाली. "गप ऱ्हावा जरा. लेकरू बुजायलंय!"

लेकरू खरंच बुजलं होतं. ते मानेवर वळवळलं आणि प्रयागबाईचा तोल गेला. मागचीनं पदर ओढून धरला म्हणून सावरली.

श्रावणीची आई काठावर उकिडवी बसली. इतका वेळ पायरीवर दगडासारखी बसलेली ती बाई अगदी चूल पेटवताना बोलावं तसं बोलायला लागली.

"श्राऊ, म्या आलेय. डोळे उघडू नको. झाकूनच ठेव. म्या सांगते तवा उघडायचे. काकूचे केस सोडू नको."

किंचाळणं थांबलं. हुंदके राहिले. प्रयागबाईनं एक पाऊल टाकलं. मग दुसरं.

आता मी शांत उभं राहायला हवं होतं. पण मला अपराध्यासारखं झालं होतं आणि अपराधी माणूस हातपाय हलवतोच. मी बुटांसकट पाण्यात शिरलो. एक गोष्ट सांगायची राहिली. एकतीस वर्षं मी पाण्याच्या खात्यात काढली, पण मला पोहता येत नाही. चौथ्या पावलाला गाळात पाय रुतला आणि मी आडवा झालो. नाकातोंडात पाणी गेलं. मागून फौजदारांनी माझा पट्टा धरला.

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आगं, आधी त्या साहेबाला काढा!"

ते मला काढेपर्यंत प्रयागबाई माझ्या शेजारून चालत काठाला लागली. श्रावणीला तिनं आईच्या पुढ्यात उतरवलं.

"उघड आता," आई म्हणाली.

श्रावणीनं डोळे उघडले. आईकडं बघितलं आणि रागानं म्हणाली, "तू शेतात नव्हतीच."

मग मात्र आईला आवरलं नाही. ती लेकीला छातीशी धरून जे रडली, ते ऐकून फौजदार फोन लावायच्या निमित्तानं लांब गेले. त्यांनी घाटावर निरोप दिला आणि फोनमधून साठ माणसांचा ओरडा मला दहा पावलांवरून ऐकू आला. थोड्या वेळानं बंधाऱ्याचा भोंगा वाजला. खय्यूमभाईंनी आता गेटं उचलली.

प्रयागबाई लुगड्याचा सोगा पिळत होती. मी चिखलानं माखलेला, एका पायात बूट. तिच्यापुढं गेलो.

"फोन कामून उचलंना तुमी?" तिनं विचारलं.

"मला वाटलं, नेहमीची तक्रार."

"ही पोर तीन वाजता एकटीच रडत आली शेतात, वढ्याला घोटाभरच पाणी व्हतं तवा. गावात कुणाला बी फोन लावला तर बिझी. लागायचा तेवढा तुमचा. तिच्या घरी सांगा म्हणायला फोन केला, पर तुमी उचलला तवा पाण्याचं बोलणं आधी निघालं. फुडचं सांगायच्या आत ठेवून दिला. मग बॅटरीच संपली."

मी म्हणालो, "चुकलं माझं."

"ते ठिवा तुमच्यापाशी. फोन तेवढा उचलत जा."

दोन दिवसांनी गावात सत्कार झाला. माझा. शाल आणि नारळ. समयसूचकतेनं गेटं बंद केल्याबद्दल. मी माईक हातात घेऊन सरळ सांगितलं की ओढ्यात पाणी मी चढवलं, त्या बायकांना त्यात मी उतरवलं आणि पोरगी वाचली ती प्रयागबाईमुळं. टाळ्यांचा कडकडाट झाला. सरपंच म्हणाले, "बघा, किती मोठेपणा!" प्रयागबाई मागच्या रांगेत बसली होती. तीच काय ती हसत होती.

आमच्या खात्यात नियम असा: गेट उचलण्याआधी भोंगा वाजवायचा, म्हणजे खालची माणसं सावध होतात. गेट टाकण्याआधी काय करायचं, याचा नियमच नव्हता. पाणी सोडणं धोक्याचं आणि अडवणं पुण्याचं, असं आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात अडवलेलं पाणी कुठंतरी जातंच. फक्त ते आपल्या पाठीमागं जातं, म्हणून आपल्याला दिसत नाही.

मी गेटाच्या रजिस्टरमध्ये पट्टीनं एक नवा रकाना आखला: 'टाकण्यापूर्वी वरच्या बाजूस कोणास कळवले'. तपासणीला आलेल्या उपअभियंत्यांनी विचारलं, "हे कोणत्या परिपत्रकात आहे?"

"कुठल्याच नाही, सर. म्हणून हातानं आखलाय."

त्यांनी पान उलटलं आणि पहिली नोंद वाचली. खय्यूमभाईंचं अक्षर होतं. 'प्रयागबाईस फोन केला. बाई म्हणाल्या, अजून दोन बाया पलीकडं आहेत, अर्धा तास थांबा.'

"मग?" सरांनी विचारलं.

"थांबलो," मी म्हणालो.