चंदेरीची शेवटची फेरी

गाड्यांची दारं दुरुस्त करणारे दारवाले काका सकाळपासून चहाला तोंड न लावता कारशेडमध्ये येरझाऱ्या घालत होते. भुयारी रेल्वेची जुनी गाडी, जिला सगळे चंदेरी म्हणत, आज प्रवासी घेऊन शेवटची धावणार होती. मग तिची रवानगी संग्रहालयात. काकांचीही नोकरी आजच संपत होती.

चंदेरी आली तेव्हा तिचं केवढं कौतुक! आधीच्या गाड्या लोखंडी, जड, सारखा रंग मागणाऱ्या. हिचं अंग बिनरंगाच्या ॲल्युमिनियमचं. बाकं भिंतींना लावलेली, त्यामुळे मध्ये उभं राहायला ऐसपैस जागा. आखणाऱ्यांनी सगळ्याचा विचार केला आणि दारं तेवढी उघडमिटीसाठी हवेच्या दाबावर सोडून दिली. ती महा नाठाळ निघाली. एकदा मिटली की पिशवी म्हणू नका, बोटं म्हणू नका, काही सोडायची नाहीत. तेव्हापासून कारशेडात रीतच पडली: दार दुरुस्त करणाऱ्याने मिटत्या दारात स्वतःचा हात घालायचा. दार मागे सरलं तरच गाडी बाहेर.

आज दार मागे सरलं नाही. काकांनी दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं, हात सुजला. दाब राखणारी झडपच गेली होती आणि तसली झडप आता कुठेच बनत नव्हती.

"काका, एकच तर फेरी आहे," कारशेडचे साहेब अगदी काकुळतीला आले.

"म्हणून काय आज लोक बोटं घरी ठेवून येणार आहेत?" काका खेकसले.

खेकसले खरे, पण लक्ष सगळं स्टेशनाकडे लागलं होतं. वर स्टेशनात काकू ठेवणीतली साडी नेसून थांबल्या होत्या. जन्मभर त्या चंदेरीने कामावर गेल्या, पण काकांना कधी त्यांच्या शेजारी बसायला सवड झाली नाही. आज नक्की बसतो, असा शब्द दिला होता.

"गाडी जाणार नाही," काका म्हणाले.

साहेबांनी वहीत फेरी रद्द लिहिली. "बरं. पण काकूंना तुम्हीच सांगा, माझी नाही हिंमत."

काकांनी सांगितलं. काकूंचा चेहरा पडला. मग त्यांनी तो सुजलेला हात हातात घेतला.

"राग आलाय मला, चांगलाच आलाय," त्या म्हणाल्या. "पण रोज संध्याकाळी मी थकून त्या दाराला टेकून डुलक्या काढायचे ना, त्या तुमच्याच जिवावर."