गंगाखेडची कॅम्पर आणि साबणाचे बुडबुडे

कॅम्पर व्हॅन घ्यायची हे श्रीकांतने निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी जाहीर केलं, तेही पेपरमधून मान वर न काढता. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. पण तिसऱ्या दिवशी माझा नवरा टेप घेऊन आमच्याच हॉलमध्ये 'इथे ओटा, इथे पलंग' असं मोजायला लागला, तेव्हा प्रकरण हाताबाहेर गेल्याचं लक्षात आलं.

मनासारखी गाडी सापडली गंगाखेडला. माधवराव नावाच्या एका ऊस बागायतदारांनी जुनी सतरा सीटची प्रवासी गाडी घेऊन आत ओटा, गॅस, पाण्याची टाकी, छतावर सोलर, चार जणांची झोपायची सोय असं सगळं करून घेतलं होतं. फोटो पाहून श्रीकांत तर विरघळलाच, आणि खरं सांगते, मीही मनातल्या मनात पडद्यांचा रंग ठरवला.

प्रश्न होता तपासणीचा. श्रीकांतचा उमेदवार तयार होता: परभणीचा मावसभाऊ दिनू. वीस वर्षं मालवाहू टेम्पो चालवलाय, एवढं श्रीकांतला पुरेसं होतं. माधवराव म्हणाले, "माझा मिस्त्री हाय की, त्योच दाखवील समदं." म्हणजे ज्यानं गाडी बनवली, तोच तपासणार!

मी तीन ठिकाणी फोन केले. पहिले गृहस्थ म्हणाले, फोटो पाठवा, फोटोवरूनच सांगतो. दुसरे हुशार वाटले, पण शेवटी कळलं की निघालेले दोष ते स्वतःच्याच गॅरेजमध्ये दुरुस्त करून देतात. जितके दोष, तितकं त्यांचं काम. तिसऱ्या होत्या परभणीच्या रेहाना मॅडम. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा, बरीच वर्षं वर्कशॉपमध्ये, आता विम्यासाठी गाड्या तपासतात.

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"अर्धा दिवस. घाई असंल तर मला नेऊच नका. फोटोसकट लेखी रिपोर्ट देते. फक्त सोलरच्या बॅटरीतलं मला पक्कं कळत न्हाई, तेवढं दुसऱ्याला दाखवा."

'कळत नाही' म्हणणारी ती एकटीच होती. मी तिथंच ठरवलं.

डिसेंबरात संभाजीनगरहून सकाळी सहाला निघालो. जालना, मंठा, जिंतूर. रस्ता बराचसा चांगला आहे, पण मधूनमधून खड्डे असे येतात की डुलकी लागूच नये. बोरीला थांबून सुशीला खाल्ली. नावावर जाऊ नका; कुरमुऱ्यांचा हा झणझणीत नाश्ता आहे, आणि दोघांचं पोट शंभरच्या आत भरतं. परभणीत दिनूभाऊ आणि रेहाना मॅडम दोघेही गाडीत बसले. हो, दिनूभाऊही. श्रीकांतने त्याला परस्पर बोलावलं होतं.

"वहिनी, गाडी बघायला डिग्री कशाला लागतीय? आवाज ऐकला की मला कळतंय."

रेहाना मॅडम खिडकीबाहेर बघून हसल्या. पुढे उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे गाडी रांगत होती. पंचेचाळीस किलोमीटरला दीड तास धरून चला.

माधवराव गेटवरच उभे होते. मोठा, प्रेमळ माणूस. दिनूभाऊने उतरल्याबरोबर टायरला दोन लाथा घातल्या, हॉर्न वाजवला आणि निकाल दिला, "लय भारी हाय. घ्या डोळे झाकून!"

रेहाना मॅडमनी बॉनेटवर तळहात ठेवला. "काका, इंजिन चालू करू नका असं फोनवर म्हणलं होतं न्हाई का?"

"तुमी यायलाव म्हणून जरा गरम करून ठिवलं!"

"थंड इंजिन सुरू होताना खरं बोलतंय. थांबू आपण."

मग काय, अंगणात तीन वेळा चहा आणि बाजरीची भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी असं जेवणही झालं. तेवढ्या वेळात मॅडम गाडीखाली सतरंजी टाकून पडल्या होत्या. दुपारी इंजिन थंड झाल्यावर सुरू केलं, फिरवून आणलं. इंजिन उत्तम निघालं. श्रीकांतने माझ्याकडे विजयी नजर टाकली. दिनूभाऊने तर मिशीला पीळच दिला.

मग मॅडम आत शिरल्या. सिंकजवळ नवीन मॅट होती. त्या ती उचलणार, तेवढ्यात माझ्या मनात आलं, नको, राहू दे. इतके प्रश्न विचारून निवडलेली बाई, आणि आता तिला काही सापडू नये असं मलाच वाटत होतं. त्यांनी मॅट उचललीच, आणि खालचं प्लायवूड ओलं होऊन पार भुसभुशीत झालं होतं. कागदपत्रांवर गाडी अजून सतरा सीटचीच होती. बदलाची नोंदच नव्हती.

शेवटी त्यांनी पिशवीतून साबणाच्या पाण्याची बाटली काढली आणि गॅसच्या नळीच्या जोडावर फवारली. बारीक बुडबुडे यायला लागले. एक, दोन, मग ओळीनं. पलंगाखालचं सिलिंडरचं कपाट घट्ट बंद. खाली एकही भोक नाही.

"गॅस खाली बसतो, काका. इथून बाहेर जायला वाटच न्हाई. रात्री कोण झोपतंय वर?"

माधवराव म्हणाले, "नातवंडं. दिवाळीत कोकणात नेली होती. दारं लावून झोपलो होतो समदे."

ते पायरीवर बसले. दिनूभाऊने न सांगता जाऊन सिलिंडरचा कॉक बंद केला, नळी सोडली आणि सिलिंडर उचलून अंगणात नेऊन ठेवला. त्या दिवसातलं त्याचं सगळ्यात चोख काम.

"रागावू नका, पण आम्ही आत्ता घेत नाही," श्रीकांत म्हणाला. हे वाक्य त्याला जड गेलं.

"राग कशाचा?" माधवराव म्हणाले. "ह्या बाईला मी आधी बोलवायला पायजे होतं." आणि त्यांनी तिथंच रेहाना मॅडमना दुरुस्तीनंतर पुन्हा तपासायला यायचं वचन द्यायला लावलं.

परतताना गोदावरीच्या घाटावर थोडं थांबलो. मॅडम रिपोर्टमध्ये काहीतरी भरत होत्या. त्यांची फी पाच हजार. आधी मला जास्त वाटली होती.

घरी येऊन महिना झाला. कॅम्पर अजून नाही. मला वाटलं होतं श्रीकांत खट्टू होईल, तर तो रिपोर्टची नऊ पानं परीक्षेसारखी वाचतोय. काल त्याने नागपूरच्या एका विक्रेत्याला फोन लावला. रंग विचारला नाही, मायलेज विचारलं नाही. पहिलंच वाक्य: "आमच्या मॅडम अर्धा दिवस तपासतील, चालेल ना?"

समोरच्याने फोन ठेवला.

श्रीकांत माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा आनंद. म्हणाला, "वाचलो!"