सिस्टरबाईंचं माहेरपण

कारंज्याच्या मिशन दवाखान्यातल्या सिस्टर आग्नेस स्वीडनहून आल्या त्याला सात वर्षं झाली होती, आणि चौऱ्याहत्तरच्या वैशाखात त्या पहिल्यांदा एका पेशंटवर खेकसल्या. पेशंटला त्याचं काही वाटलं नाही. कुणी खेकसल्याशिवाय औषध लागू पडत नाही, अशीच त्याची समजूत होती. पण सिस्टरबाई आत जाऊन रडल्या.

सोबतची डॉक्टरीण आजारी पडून मायदेशी गेलेली. दिवसभर रांग, रात्री-अपरात्री बाळंतपणं, वरून आमच्याकडचं ऊन. प्रार्थनेला गुडघे टेकले की तिथंच डोळा लागे. आपली श्रद्धाच आटली, असं त्यांनी ठरवून टाकलं. जूनमध्ये मिशनचे मोठे साहेब येणार होते. 'मला कायमचं परत पाठवा' म्हणून त्यांना सांगायचं, हेही ठरलं.

हे त्या बोलल्या फक्त रुख्माबाईपाशी. रुख्माबाई दवाखान्यात सुया उकळायची, आणि उकळता उकळता गावाचं निदान करायची.

"सात वर्सांत माहेराले किती खेपा गेल्या तुमी?"

"एकदाही नाही. हे देवाचं काम आहे, रुख्माबाई."

"मंग देवाचं घर तुमचं सासर झालं. सासरा कितीबी चांगला असो, त्याच्या घरी सून पाय पसरून झोपते काय? श्रद्धा-बिद्धा काई आटली नाई. माहेरपण नाई झालं तुमचं."



रुख्माबाईनं आपल्या माहेरी, रोहण्याला, आईकडे निरोप धाडला. चार दिवसांत तिचा भाऊ नत्थूजी पांढरंधोप धोतर नेसून एस.टी.तून उतरला. लेकीला न्यायला आलेल्या मुऱ्हाळ्याला रिकामं पाठवणं म्हणजे वर्षभराचा रुसवा.

"मायनं दोघींले आनाले सांगतलं," तो ओसरीवर बसून म्हणाला. "एकीलेच नेलं तर मले घरात घेनार नाई."

"आणि दवाखाना?" सिस्टरबाईंनी विचारलं.

"मलमपट्टी कंपाउंडर पाह्यते. मोठा बिमार आला तं आर्वीले धाडजो, म्हन्लं त्याले," रुख्माबाई म्हणाली.

रोहण्यात आईनं, म्हणजे मनकर्णाबाईनं, दोन्ही लेकींच्या डोक्यावर तेल थापलं, आंब्याचा रस नि शेवया वाढल्या. शेजारच्या पोराचं गळू पाहून सिस्टरबाई सवयीनं उठल्या, तर म्हातारी म्हणाली, "बस खाली. माहेरी आलेल्या पोरीले कामाले लावलं तं गाव मले नावं ठेवन."

सिस्टरबाई बसल्या. मग लवंडल्या. मग कडुलिंबाच्या सावलीत, बाजेवर, दिवसाढवळ्या झोपल्या. जाग आली तेव्हा शेजारच्या बाजेवर रुख्माबाई घोरत होती. पडल्या पडल्याच त्यांनी देवाचे आभार मानले, आणि मागायचं काहीच सुचेना.

जूनमध्ये साहेब आले. सिस्टरबाईंचा ओढलेला चेहरा पाहून साहेबांनीच हळूच विचारलं, "घरी जावंसं वाटतं का?"

"वैशाखात जाऊन आले," सिस्टरबाई म्हणाल्या.

त्यानंतर नत्थूजी दर उन्हाळ्यात येत राहिला. ऐंशी सालानंतर त्याचे गुडघे धरू लागले, तरी येई. सिस्टरबाई आधी त्याच्या गुडघ्यांना मलम चोळीत, आणि मग आपली पिशवी उचलीत.