ठकूबाईची बिनपाण्याची बेडकी

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत ठकूबाई राहते. हिरडा गोळा करण्यातच तिचा जन्म गेला. झाडावर चढताना बुंध्याच्या शेवाळावर पाय द्यायचा नाही, ही तिच्या घरची रीत. कारण त्या शेवाळात नखाएवढी बेडकी अंडी घालते. तळं नको, डबकं नको. अंड्यातून थेट इवलीशी बेडकीच बाहेर पडते. दर श्रावणात ठकूबाई हे डोळ्यांनी बघत आलेली.

मंचरहून ऋषी सर बेडकांच्या अभ्यासाला यायचे. त्यांची मोटारसायकल वाडीखालच्या तळ्यापर्यंत जायची, म्हणून अभ्यासही तळ्यापर्यंतच. तिथली मोठी बेडकी पाण्यावरच्या पानाला फेसाचं घरटं करते. ठकूबाईनं वरची शेवाळातली एक बेडकी द्रोणात घालून खाली आणून दिली.

"सर, ही येगळी जात. हिला पानी लागत न्हाई. वर चला, दावते."

"मावशी, ही मोठीचीच पिल्लं," सर म्हणाले आणि द्रोणातली बेडकी त्यांनी बाटलीत भरली. अहवालात लिहिलं, जात एकच, अंडी तळ्यावर. एवढा शिकलेला माणूस, पण चार पावलं वर चढवेना, याला काय म्हणावं?

पुढं डोंगरातून रस्ता निघाला. अहवालाला मान देऊन तळं राखलं आणि रस्ता हिरड्याच्या राईतून नेला. ठकूबाई ग्रामसभेत तावातावानं भांडली. रस्त्याच्या साहेबांनी अहवालावर बोट ठेवलं आणि तिला खाली बसवलं. आठ दिवसांत राई आडवी झाली.

दोन वर्षांनी कुणीतरी ती बाटली उघडली. बेडकीच्या पोटात अंडी निघाली. पिल्लाच्या पोटात अंडी कुठून येणार? मग काय, नवी जात जाहीर झाली. तिला नाव दिलं सरांच्या गुरुजींचं. ठकूबाईचा कागदावर कुठं उल्लेखसुद्धा नाही.

परवा सर पेढे घेऊन आले. "मावशी, जिवंत एक तरी पाहिजे. जागा दाखवा."

ठकूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेढ्यांना हात न लावता ती त्यांना वर घेऊन गेली आणि डांबराच्या मधोमध उभी राहिली.

"हितं व्हती."

सर इकडंतिकडं बघू लागले. "दुसरीकडं कुठं असेल की."

"सबंध डोंगर पायाखाली घातलाय मी," ठकूबाई म्हणाली. "दुसरीकडं असती, तर त्या दिशी येवढी भांडले असते का मी?"